घरातलाच केस

४ ऑगस्ट

साडूभाऊ,

माझ्या हातांनी केलेल्या वस्तू, एकेक करून सांगतो. पाऱ्याचा वायुदाबमापक, नळी मी स्वतः फुंकलेली. हवा उपसायचा पितळी पंप, दट्ट्याला चामड्याची चकती, ती तिसऱ्या प्रयत्नात जमली. घंटेची काचहंडी: आतली हवा उपसली की घंटा हलताना दिसते पण ऐकू येत नाही. हवेचं वजन दाखवणारा तराजू, कारण लोकांना वाटतं हवेला वजन नसतं, आणि खोलीतल्या एकेका घनमीटर हवेचं वजन सव्वा किलोच्या आसपास भरतं. दोन पितळी अर्धगोल, आतली हवा काढल्यावर दोन धडधाकट माणसांनी ओढले तरी न सुटणारे. शंभर काचगोळ्यांची चौकट: अठ्ठ्याहत्तर निळ्या नायट्रोजनच्या, एकवीस लाल प्राणवायूच्या, आणि उरलेली एक, जिच्यात आर्गॉनने जवळजवळ सगळी जागा बळकावली आहे आणि कडेला कार्बन डायऑक्साइडचा काळा ठिपका आहे. सातवा, केसाचा आर्द्रतामापक.

यातलं एकही मला कुणी शिकवलेलं नाही. शाळा सोळाव्या वर्षी सुटली. पुढचं सगळं बिघडवून बिघडवून शिकलो.

यादी उगाच देत नाही. विज्ञान केंद्राच्या संचालकबाईंचं पत्र आलं. नव्या हवेच्या दालनात पहिल्या सहा वस्तू घेतल्या. सातवीबद्दल त्या लिहितात की आर्द्रतामापकाचा आणखी एक नमुना आला आहे, तेव्हा दोन्ही तीन आठवडे शेजारी टांगू आणि जो खरं सांगेल तो ठेवू. तो दालनाच्या मधोमध लागणार, करणाऱ्याच्या नावाच्या पितळी पाटीसकट. बाकीच्या सहा वस्तूंना पाटी नाही. दुसरा नमुना कुणाचा हे त्यांनी लिहिलं नव्हतं, म्हणून मी फोन केला. तुमचं नाव ऐकून मला फार आनंद झाला. इतका, की त्या दिवशी माझ्या हातून एक स्क्रू धड बसला नाही.

तुम्ही औषधांचं दुकान चालवता. उत्तम चालवता. हा नाद तुम्हाला कधी लागला? चौकट लाकडाची की धातूची? कप्पीचा व्यास किती? खाली वजन किती ग्रॅमचं? आणि केस कुठून आणलात? हे शेवटचं नीट सांगा. सगळं यंत्र म्हणजे तो एक ताणलेला केस. हवा दमट झाली की तो लांबतो, कोरडी झाली की आखडतो, आणि कप्पीवरचा काटा तेवढा फिरतो. अगदी कोरड्या हवेपासून चिंब हवेपर्यंत केस लांबून लांबून लांबतो किती, तर शंभरात दोन-अडीच भाग. तेवढ्यावर सगळा डोलारा. मी केस टोप बनवणाऱ्याकडून घेतो, जुडीने, एकसारखे.

धाकटीच्या पायाचं प्लास्टर कधी निघणार? ही बहिणीची सेवा करायला तिकडे आली त्याला महिना होत आला. इकडे माझं काही अडत नाही. फक्त धातूच्या सांध्याला डाग देताना टॉर्च धरायला कुणी नसतं.

पत्र लिहितो, कारण फोनवर मापं सांगितली की माणसं नुसतं 'हो हो' करतात.

तुमचा थोरला साडू


९ ऑगस्ट

भाऊसाहेब,

पत्र दोनदा वाचलं. एकदा स्वतःशी, एकदा धाकटीला मोठ्याने. टॉर्चचं वाक्य ताईंच्याही कानावर घातलं. त्या म्हणाल्या, "टॉर्चला स्टँड मिळतो म्हणावं दुकानात."

तुमच्या प्रश्नांची उत्तरं. चौकट लाकडाची, जुन्या खिडकीतून काढलेली. कप्पी म्हणजे शिवणयंत्राच्या रिळाचा तुकडा, व्यास मोजलेला नाही, रागावू नका. वजन दुकानात पूर्वी औषध तोलायचो त्यातलं, अर्ध्या ग्रॅमचं. केस घरातलाच. तो मी ईथरमध्ये धुतला, सगळा तेलकटपणा काढला, मग वजन लावून नुसता टांगून ठेवला आणि कंटाळा येईपर्यंत हात लावला नाही. माझी कला एवढीच.

नाद कधी लागला विचारता? लग्नानंतर पहिल्यांदा तुमच्याकडे जेवायला आलो तेव्हा. ताटं तशीच राहिली आणि तुम्ही घंटेची हंडी काढलीत. धाकटी अजून सगळ्यांना सांगते, भाऊजींनी घंटेचा आवाज बंद केला. मी म्हटलं, मीही दिवसभर लोकांचे आवाज बंद करतो, खोकल्याचे. ती हसली नाही. त्यानंतर आमच्या घरी कुठलीही वस्तू मोडली की एकच वाक्य: भाऊजी असते तर. नळ गळला, भाऊजी असते तर. इस्त्री बिघडली, भाऊजी असते तर. मला एकदा एक तरी काटा असा फिरवायचा होता की ज्याच्यापुढे उभं राहून भाऊजी म्हणतील, हे कसं केलंत.

ते तुम्ही म्हणालात. पत्रात का होईना.

प्लास्टर पुढच्या महिन्यात निघेल.

तुमचा
औषधवाला


२० ऑगस्ट

साडूभाऊ,

केंद्र माझ्या कारखान्यापासून पायी जाण्याइतकं जवळ, म्हणून रोज जातो. पहारेकरी आता मला "या काटेवाले" म्हणतो. भिंतीवर आपली दोन यंत्रं आणि मध्ये निवाड्याला दोन तापमापकांची जोडी: एकाचा गोळा ओल्या कापडात, एकाचा उघडा. कापडातलं पाणी उडतं तसा ओला गार पडतो, आणि दोघांच्या आकड्यांतल्या फरकावरून हवेतला ओलावा काढायचा. काल जोडी म्हणाली एक्क्याऐंशी टक्के. तुमचा काटा ऐंशीवर. माझा अडुसष्टवर.

याला कारणं आहेत. माझं यंत्र दाराच्या बाजूला होतं. शिवाय पहारेकरी चहाचा थर्मास तुमच्या यंत्राखाली ठेवतो, त्याची वाफ तुम्हाला मिळते. मी संचालकबाईंना जागा बदलायला लावल्या, थर्मासही उचलायला लावला. नंतर तुमचा काटा ऐंशीवर राहिला आणि माझा अडुसष्टवर. निदान स्वभावाला धरून राहिला.

यंत्राबरोबर तुम्ही जो माहितीचा कागद पाठवलात त्यात घोडचूक आहे. दमट हवा जड असते म्हणे! मी ते खोडायला लावलं. दमट हवा हलकी असते. वाफेचा रेणू नायट्रोजनच्या आणि प्राणवायूच्या रेणूंपेक्षा हलका, आणि वाफ हवेत शिरते ती कुणाला तरी बाजूला सारून. जड जातात, हलकी येते. माझ्या शंभर गोळ्यांत वाफेला गोळी नाही ती याचसाठी. ती यादी कोरड्या हवेची. वाफेचं प्रमाण ठरलेलं नसतं, ती कधीही येते, कितीही येते, आणि घरच्यांना सरकून बसावं लागतं. मी हवेबद्दल बोलतोय.

आता मुख्य मुद्दा. "केस घरातलाच." मी तुमचा केस भिंगाखाली पाहिला, काचेवर पट्टी धरून मोजला. सत्तावीस सेंटिमीटर. तुमच्या घरात बाई एकच, तुम्हाला दोन्ही मुलगे, आणि धाकटीचे केस मानेवर कापलेले. केस बारीक, सरळ, टोकाला हलकं वळण घेतलेला. मुळाकडची चार सेंटिमीटर पांढरी, म्हणजे बाई चाळिशी ओलांडलेली. पांढरं लपवायला रंग लावलेला नाही, म्हणजे बाई मानी. हा केस कुणी तरी वर्षानुवर्षं जपलेला आहे, साडूभाऊ. असा केस वाटेत पडलेला सापडत नाही. माझी मेहुणी पाय उशीवर ठेवून पडली आहे आणि अशा वेळी ही कोण तुमच्या 'घरातली', हे मला कळलं पाहिजे. तुमच्या गल्ल्यावर बसणारी बाई मी पाहिली आहे.

हिला मी अजून काही बोललो नाही. तुम्ही आधी बोला.

थोरला साडू


२५ ऑगस्ट

भाऊसाहेब,

तुमचं पत्र धाकटीनेच फोडलं. गल्ल्यावरच्या बाईंचं वाचून ती इतकी हसली की प्लास्टरसकट पलंगावरून खाली यायची. त्या बाई निवृत्तीनंतर आलेल्या आहेत, त्यांचे केस कुरळे आहेत आणि त्या मला 'अरे बाळा' म्हणतात.

मग ताईंनी पत्र हातात घेतलं. त्या हसल्या नाहीत. ते मुळाकडच्या चार सेंटिमीटरचं वाक्य त्यांनी परत वाचलं, पत्राची घडी घातली आणि भाजी चिरायला गेल्या. बराच वेळ नुसता सुरीचा आवाज येत होता.

केस ताईंचा आहे.

'घरातलाच' हे खोटं नव्हतं, कुणाच्या घरातला तेवढं गाळलं. ताईंनीच बजावलं होतं, सध्या सांगू नका म्हणून. झालं असं की एका सकाळी त्या खिडकीत विंचरत होत्या, फणीतले केस काढून बोटाला गुंडाळत होत्या. मी तेव्हा यंत्रासाठी माझ्याच डोक्यावरच्या चार आखूड केसांशी झगडत होतो. म्हटलं, ताई, त्यातला एक द्याल का? त्या म्हणाल्या, "माझा चालणार नाही. मंद आहे." मला वाटलं चेष्टा करताहेत. म्हणाल्या, "खरंच. पूर्वी तपासून झालाय. ह्यांनी यंत्राला लावला होता. काटा जागचा हलला नाही. जेवताना सगळ्यांना सांगितलं की हिचा केस मंद." त्या जेवणाला मी होतो, भाऊसाहेब. तुम्ही आमटी वाढून घेता घेता बोललात.

मी विचारलं, धुतला होता का? "साबणाने. पण मी रोज तेल लावायचे तेव्हा."

एवढंच होतं ते. तेल मुरलेल्या केसात वाफ चटकन शिरत नाही. मी ईथरमध्ये धुतला आणि टांगला. दुसऱ्या सकाळी ताईंनी स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी होऊ दिली, आणि बाहेरच्या खोलीत माझा काटा उठून बसला.

तुमचा
औषधवाला


१० सप्टेंबर

साडूभाऊ,

दालन उघडलं. पाटी तुमची. अभिनंदन.

आता केस परत करा. चौकट तुमची, रिळाचा तुकडा तुमचा, अर्धा ग्रॅम तुमचा. केस माझ्या घरातला आहे. त्या जागी दुसरा कुठलाही लावा. टोपवाल्याचा पत्ता देतो, जुडी माझ्याकडून.

तिथे काय चालतं याची तुम्हाला कल्पना आहे का? संचालकबाईंनी काच काढून टाकली आहे आणि पाटीखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे: 'केसाजवळ श्वास सोडा आणि काटा पाहा.' माझ्या अर्धगोलांपाशी चिटपाखरू नाही. घंटा एकटीच हलते. शंभर गोळ्यांना टेकून लोक मोबाइल बघतात. आणि तुमच्यापुढे रांग. काल एक तरणाताठा माणूस, अंगभर अत्तर मारलेला, त्याने वाकून, डोळे मिटून, केसावर असा हळूहळू गरम श्वास सोडला की काटा सत्तरवरून पंचाण्णववर गेला. बरोबरची मुलगी टाळ्या वाजवायला लागली. त्याने परत सोडला. मी पुढे होऊन म्हटलं, पुरे. तर मला म्हणतो, "काका, रांगेत या ना."

मी रांगेत गेलो. माझा नंबर आला तेव्हा मला श्वास सोडता आला नाही. मागचे लोक ओरडायला लागले तसा बाजूला झालो.

केस परत करा.

थोरला साडू


१५ सप्टेंबर

अहो,

हे पत्र मी लिहितेय, कारण केस माझा आहे आणि मागताय मात्र त्यांच्याकडे.

परत मिळणार नाही. मी दिलाय तो. तुम्ही केंद्राला पंप दिलात, आता दट्ट्या परत मागाल का?

तुमचं वीस तारखेचं पत्र मी जपून ठेवलंय. बारीक, सरळ, टोकाला हलकं वळण. बाई मानी. वर्षानुवर्षं जपलेला. लग्न झाल्यापासून माझ्याबद्दल इतकं छान तुम्ही एकदाही बोलला नाहीत, आणि बोललात ते गल्ल्यावरच्या बाईला देऊन टाकलंत. मुळाकडे चार सेंटिमीटर पांढरं आहे, हेही बरोबर मोजलंत. इकडे यायच्या आधी तेच पांढरे केस तुमच्यासमोर टॉर्च धरून उभे असायचे, हातभर अंतरावर. तिथे दिसले नाहीत. भिंगाखाली दिसले.

तुम्ही माझ्याकडे रोज काही ना काही मागता. पक्कड दे, चष्मा कुठाय, अजून अर्धा कप. तुमच्या साडूंनी एक केस मागितला आणि दोन्ही हात पुढे केले. मला हसू आलं आणि बरंही वाटलं. हे वाचून तुम्हाला लागणार, ठाऊक आहे. लागू दे थोडं.

आणि त्या अत्तरवाल्यावर जीव जाळू नका. मंद म्हणून ओवाळून टाकलेला माझा केस पंचाण्णववर गेला. मी तर धाकटीला दोनदा सांगितलं.

रविवारपर्यंत ती काठी घेऊन चालेल. मग मी निघते. टॉर्चचा स्टँड इथे चांगला मिळतोय. आणू का, कळवा.

तुमची
मंद


२ नोव्हेंबर

साडूभाऊ,

ही आली. मी नको म्हणून कळवलं होतं तरी स्टँड आणलाच. तो मी माळ्यावर टाकला आहे.

केस कसा मागतात हे मला माहीत नव्हतं. तुम्हाला जमतं, तुम्ही दिवसभर गिऱ्हाइकांशी गोड बोलता. मी दोन-तीनदा खिडकीपाशी गेलो, घड्याळाला किल्ली देऊन परत आलो. शेवटी ती विंचरत असताना म्हटलं, "एक केस हवा होता."

"कशाला? मंद आहे."

"धुऊन घेतो."

"टोपवाल्याकडे मिळतात की जुडीने, एकसारखे."

"एकसारखा नकोय."

ती विंचरतच राहिली. मग म्हणाली, "पांढरा देऊ की काळा?"

मी म्हटलं, "दोन्ही असलेला." त्यावर तिने फणी खाली ठेवली आणि माझ्याकडे वळून बघितलं, साडूभाऊ, आणि ते कसं बघितलं हे मी तुम्हाला सांगणार नाही. तुमच्या वाट्याला आधीच बरंच आलं आहे.

ईथरची बाटली तुमच्या दुकानातून मागवली नाही. इथल्या दुकानातून आणली, महाग पडली. केस एकोणतीस सेंटिमीटर, तुमच्यापेक्षा दोनने जास्त. चौकट पितळेची. कप्पी मी घासून केली, व्यास पाच मिलिमीटर, मोजलेला. वजन तुमचंच चोरलं, अर्धा ग्रॅम, ते बरोबर होतं. टांगून ठेवला आणि हात लावला नाही. हे मला सगळ्यांत जड गेलं. आता मी इथे टांगलेली तापमापकांची जोडी चौऱ्याहत्तर म्हणते तेव्हा माझा काटा चौऱ्याहत्तर म्हणतो. केंद्रातली जोडी चौऱ्याहत्तर म्हणाली त्या दिवशी तुमचा काटा एकोणसत्तरवर होता. अनोळखी माणसांच्या तोंडच्या वाफेने, धुळीने, बोटांनी तुमचा केस थकत चालला आहे. कळवायचं काम माझं. हे वाचून मला आनंद झाला असेल असं तुम्हाला वाटेल. झाला.

यंत्र माझ्या टेबलाच्या वर आहे, बंद काचेत, फक्त वर-खाली जाळीतून हवा जाते. कुणाचं तोंड पोचणार नाही इतक्या उंचीवर लावलं आहे. पहिल्या दिवशी ही स्टुलावर चढून म्हणाली, "मला तरी करू द्या की." माझाच केस आणि मलाच मनाई का, म्हणाली. मी काच उघडली. तिने एकदा श्वास सोडला, काटा सरसरत वर गेला, आणि आम्ही दोघं तो परत खाली येईपर्यंत बघत बसलो. चहा निवला. ही चहा घेऊन आत आली की काटा जरासा उचलतो, तो चहाच्या वाफेने. शास्त्र मलाही कळतं. तरी टेबलावरून मान वर करतो.

संचालकबाई परवा इकडे आल्या होत्या, दट्ट्याची चकती बदलून घ्यायला. काटा बघितला आणि हातातली पर्स खाली ठेवली. म्हणाल्या, केंद्रातला काटा पार चुकायला लागला आहे, तो काढते, हे यंत्र मधोमध लावते. पाटी माझ्या नावाची. शेजारी आणखी एक पाटी, केस कुणाचा ते सांगणारी, हिच्या नावाची. उरलेल्या सहाही वस्तूंवर माझं नाव. जे जे मला हवं होतं ते सगळं त्या एका दमात बोलल्या. तुमचं यंत्र काढताना मी तिथे हजर असावं, असंही म्हणाल्या.

मी विचारलं, काच ठेवणार की काढणार?

म्हणाल्या, "काढणारच. लोक त्याच्यासाठीच तर येतात."

मी हिच्याकडे बघितलं. ही म्हणाली, "माझ्याकडे काय बघता? मी दिलेला आहे. आता तुमचा आहे."

मी संचालकबाईंना नाही म्हटलं. त्यांना वाटलं मी किंमत वाढवून मागतोय, म्हणून त्यांनी ती वाढवली. तुमचा काटा तिथेच राहू दे, साडूभाऊ. केस मात्र बदला. या वेळी धाकटीला केस वाढवायला सांगा आणि तिच्याकडे मागा.

तुमचा
थोरला साडू

ता. क. तुम्ही दुकानदार, आकडा विचारणारच. पहिल्यांदा चाळीस हजार म्हणाल्या. चपला घालता घालता पंच्याहत्तर हजार.